सतरा नंबरची ज्वारी

आमच्या सोसायटीतले काका गेल्या महिन्यात पेट्रोल भरून आले, स्कूटर जिन्यापाशी लावली आणि मला म्हणाले, "सुमनताई, तुमच्या त्या इथेनॉलनं माझ्या गाडीचं ॲव्हरेज पार बसवलं." मी निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. ज्या ज्वारीवर मी काम केलं, तिच्या रसाचा एक थेंबही कधी कुणाच्या टाकीत गेला नाही. तरी मी काकांना तसं म्हटलं नाही. एक तर ते पटवून द्यायला तासभर लागला असता. आणि दुसरं म्हणजे, आपल्या कामाचा कुणाला तरी, कुठे तरी काही परिणाम जाणवला, हे ऐकून मला उगाचच बरं वाटलं.

माझं काम नक्की काय होतं, हे घरच्यांनाही नीट सांगता येत नसे. माझं माहेर मखमलाबादचं. आमची फुलशेती. गुलाबाला डोळा भरण्यात वडिलांचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता. मुलगी तेच काम सातपूरला एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत, एसीत बसून करते, असा त्यांचा समज होता आणि तो फारसा चुकीचाही नव्हता. आम्ही एका झाडाचा गुण दुसऱ्या झाडाला द्यायचा प्रयत्न करत होतो. फक्त चाकू आणि पट्टीच्या जागी आमच्याकडे एक जिवाणू होता. हा जिवाणू मातीत असतो आणि झाडाला जखम झाली की आत शिरून स्वतःच्या जनुकाचा तुकडा झाडात सोडून देतो. आपण त्याच्या पिशवीत आपल्याला हवं ते जनुक ठेवायचं, की तो ते पोचवतो. आमच्या पिशवीत खाऱ्या, कोरड्या जमिनीत तग धरणाऱ्या एका रानगवताचं जनुक होतं.

ते द्यायचं होतं गोड ज्वारीला. हिच्या ताटात उसासारखा रस असतो. कणसाचे दाणे खायला, रस इथेनॉलला, असा हिशेब. ऊस पाणी फार पितो. ही कमी पाण्यावर येते, आणि आमच्या जनुकानं आणखी कमी पाण्यावर आली, तर सिन्नर-येवल्याकडच्या पडीक जमिनीत इंधन पिकेल, असं आमचे प्रमुख डॉ. प्रधान सांगत. मी ते वडिलांना सांगितलं.

"पडीक म्हणजे कुठली?" वडिलांनी विचारलं.

"जिथं काही येत नाही ती."

"जिथं काही येत नाही तिथं गुरं चरतात," ते म्हणाले आणि फुलांच्या करंड्या बांधायला लागले.

त्यावर डॉक्टरांकडे काही उत्तर होतं का, मी कधी विचारलं नाही. तेव्हा माझं सगळं लक्ष बाटल्यांत होतं. ज्वारी या कामाला फार हट्टी. तिचा कोवळा कोंब कापून बाटलीतल्या जेलीवर ठेवला, की तो जांभळा-तपकिरी रंग सोडतो आणि स्वतःच्याच रंगात गुदमरून मरतो. दर आठवड्याला त्याला उचलून नव्या जेलीवर ठेवायचं. शंभरातून एखाद्याची रव्याच्या शिऱ्यासारखी गाठ होते, आणि त्या गाठीतून एखादं हिरवं टोक वर येतं. जनुक न घेतलेल्या गाठी मरून जाव्यात म्हणून जेलीत औषध घातलेलं असतं. तरी काही लबाड गाठी जनुक न घेताही जगतात. म्हणून पुढे प्रत्येक रोपाची चाचणी करायची असते. पानाचा तुकडा वाटायचा, त्यातून जनुकांचा अर्क काढायचा, यंत्रात घालायचा. जनुक असेल तर शेवटी एका पातळ जेलीवर चमकणारी पट्टी दिसते. नसेल तर तिथे काळोख.

प्रत्येक रोपाला नंबर. सतरा नंबरचं रोप उशिरा आलं. बाटलीत असताना त्याची चाचणी केली, पट्टी लख्ख दिसली. त्याला कुंडीत वाढवलं, बी धरलं. त्या बियांपासून उगवलेल्या रोपांची पुन्हा चाचणी करायची असते, कारण पहिल्या वेळी कधी कधी पानावर रेंगाळलेला जिवाणूच स्वतःची पट्टी दाखवतो. बाकी सगळ्या नंबरांची ती दुसरी चाचणी मी केली. सतराची राहिली. परवानगीची फाइल जायची होती, बी थोडं होतं, आणि डॉक्टर म्हणाले, "पहिली आहे ना स्वच्छ? लावा तीच." चाचणीची जबाबदारी माझी होती. मी पहिलाच कागद लावला.

मोकळ्या शेतातल्या चाचणीसाठी सिन्नरच्या पुढे, माळावरची एक जमीन घेतली होती. चहूबाजूंनी जाळी, फाटकाला कुलूप, आत जाणाऱ्याची वहीत नोंद. कणसं निसवली की प्रत्येकावर कागदी पिशवी, म्हणजे परागकण बाहेर उडू नयेत. शेवटी ताट, मूळ, दाणा, सगळं जाळायचं. तिथली राखण करायला एका मुकादमानं हिराबाईला पाठवलं. ती हरसूलकडची. दरवर्षी नवऱ्याबरोबर द्राक्षबागांच्या कामाला खाली यायची. त्या वर्षी नवरा शेजारच्या बागेत लागला आणि ती आमच्याकडे, फाटकाजवळच्या पत्र्याच्या खोलीत. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. शब्द मोजून बोलायची. ज्वारीवर पिशव्या बांधताना तिनं मला एकदाच विचारलं, "ताई, हिचं वारं लागलं तर माणसाला काय होतं?"

"काही होत नाही. नियम आहे म्हणून बांधायच्या."

"मग ठीक," ती म्हणाली आणि माझ्यापेक्षा घट्ट गाठी मारत पुढे गेली.

दिवाळीनंतर पेरलेली ज्वारी कमरेएवढी झाल्यावर आम्ही पाणी तोडलं. प्रत्येक नंबरचे तीन-तीन वाफे शेतात विखरून लावले होते, म्हणजे एखाद्या ओलसर कोपऱ्याचा फायदा एकालाच मिळू नये. सोबत जनुक न घातलेल्या साध्या ज्वारीचेही वाफे होते. तीन आठवड्यांनी पानांच्या सुरळ्या व्हायला लागल्या. पाचव्या आठवड्यात अर्धं शेत करपलं. जनुक घातलेले बहुतेक नंबर साध्या ज्वारीपेक्षा फार तर दोन दिवस जास्त टिकले. फक्त सतरा नंबर, तिन्ही वाफ्यांत, हिरवा उभा होता. पानं उघडी, ताटं भरलेली. डॉक्टर एक दिवसाआड येत आणि त्या वाफ्यांपाशी हात मागे बांधून उभे राहत. त्यांची बारा वर्षं या कामात गेली होती. एकदा ते मला म्हणाले, "सुमनबाई, मी रात्रीचं ब्लडप्रेशरचं औषध विसरायला लागलोय." मला ते हसून सांगत होते.

कंपनीची बडी मंडळी येऊन पाहून गेली. फोटो काढले. अहवालाला जोडायला म्हणून मी सतराची पानं तोडून आणली आणि चाचणी लावली.

पट्टी नव्हती.

माझंच काही चुकलं असेल म्हणून पुन्हा लावली. नव्या वाफ्यातली पानं, नवी रसायनं. शेजारी अकरा नंबरची पट्टी लख्ख. सतराला काळोख. तिन्ही वाफ्यांतलं एकेक ताट तपासलं. जनुक कुठेच नव्हतं. सतरा ही साधी ज्वारी होती. तिच्याच शेजारी लावलेली साधी ज्वारी वाळून कोळपून गेली होती, आणि ही हिरवी होती.

डॉक्टरांनी चाचणीच्या जेलीचा फोटो दोन्ही हातांत धरून पाहिला. मग म्हणाले, "लेबलं बदलली असतील."

"मी सगळे वाफे तपासले सर. जनुक असलेलं पण नंबर चुकलेलं एकही ताट नाही."

"मग हे फाइलवर कसं गेलं?"

मी दुसऱ्या चाचणीचं सांगितलं. त्यांनी 'मीच लावा म्हणालो होतो' असं म्हटलं नाही. मीही आठवण करून दिली नाही. ते म्हणाले, "मला वरती लिहावं लागेल. चौकशी होईल. तुम्ही तयारीत राहा."

दुसऱ्या दिवशी मातीचे नमुने घ्यायला मी शेतावर गेले. जीप दुसरीकडे गेली होती, म्हणून हिराबाईच्या खोलीपाशी बसले. तिनं चहा ठेवला. मला रडू आलं. ती काही विचारेना, म्हणून मीच सांगत सुटले. सतरा नंबरमध्ये जे घातलं म्हणून सांगितलं ते तिच्यात नाहीच. माझी चाचणी राहिली. आता माझी नोकरी जाईल. आणि तरी ती हिरवी का, हे मला कळत नाही. कुणी पाणी घातलं असतं तर गोष्ट वेगळी होती. सगळा प्रयोगच बाद झाला असता, आणि बाद प्रयोगात कशात काय होतं हे कुणी विचारत नाही. असं सगळं मी बोलले. शेवटचं वाक्य मी का बोलले, ते मला आजही सांगता येत नाही. मनात काही हेतू नव्हता, एवढं मी शपथेवर सांगेन. पण शपथ घ्यावीशी वाटते, याचीच मला शंका येते.

हिराबाईनं कपबशा विसळल्या. "चहा थंडगार केला तुम्ही," एवढंच म्हणाली.

त्यानंतर दोन दिवसांनी डॉक्टर आणि मी एकत्र शेतावर गेलो. फाटक उघडतानाच ती डॉक्टरांना म्हणाली, "साहेब, पाणी मी घातलं."

डॉक्टर थांबले. "कशाला?"

"त्या हिरव्या वाफ्यांना. उजाडताना एकेक हंडा."

"कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाय. तुम्ही आलं की तिथंच उभं राहायचे. ती मेली असती तर तुमाला लय वाईट वाटलं असतं."

मी तिच्याकडे पाहत होते. ती माझ्याकडे पाहत नव्हती. डॉक्टरांचा चेहरा आधी लाल झाला, मग एकदम सैल पडला. इतके दिवस एक वजन धरून उभा असलेला माणूस ते खाली ठेवतो, तसा. सगळं जुळत होतं. साधी ज्वारी, पाणी मिळालं, हिरवी राहिली. कोडं सुटलं. प्रयोग बाद.

पण मला जुळत नव्हतं. दर आठवड्याला मी प्रत्येक वाफ्यातली माती गिरमिटानं काढून, वजन करून, भट्टीत वाळवून पुन्हा वजन करत होते. सतराची माती इतर वाफ्यांइतकीच कोरडी होती. मी ती वही डॉक्टरांपुढे ठेवली.

"माती तुम्ही कुठली घेत होता?" त्यांनी विचारलं.

"दोन ओळींच्या मधली."

"आणि बाईनं पाणी बुंध्याशी ओतलं असेल. मधे कसं दिसेल?"

तेही खरं होतं. मग मी शेजारच्या बागेच्या मालकाला विचारलं, कारण आमचा नळ बंद होता आणि पाणी आणायचं तर त्याच्याच विहिरीवरून. तो म्हणाला, "येती ना बाई हंडा घेऊन, रोज येती." रोज किती हंडे, हे त्याला सांगता येईना. हंडा तर तिला स्वयंपाकालाही लागायचाच. मी बुंध्याशी बसून पावलांच्या खुणा, पाण्याचे ओघळ शोधले. शेतभर आमच्याच पावलांच्या खुणा होत्या. त्या दुपारी मी त्या हिरव्या ताटांपाशी किती वेळ बसले कोण जाणे. कधी वाटे, हिला नक्की पाणी मिळालंय, पानं किती तजेलदार आहेत. तेच पान पाहून पुन्हा वाटे, हंडाभर पाण्यात हा सगळा वाफा जगतो कसा?

आमच्या धंद्यात एक गोष्ट सगळ्यांना माहीत असते. बाटलीत गाठ होऊन पुन्हा झाड होताना, त्या हालअपेष्टांत झाडाच्या स्वतःच्याच जनुकांत कधी कधी फेरफार होतो. बहुतेक वेळा झाड बिघडतं. क्वचित सुधारतं. हिराबाई खोटं बोलत असेल, तर सतरा नंबर तसं झाड होतं. जे आम्ही बारा वर्षं बाहेरून घालू पाहत होतो, ते त्या ज्वारीनं आपलं आपण मिळवलं होतं, आणि त्यात कुणाचंच जनुक घातलेलं नसल्यानं ती कुठल्याही शेतकऱ्याला देता आली असती. हिराबाई खरं बोलत असेल, तर ती एक सामान्य ज्वारी होती आणि मी वेडी.

डॉक्टरांनी वरती फक्त पाण्याचं लिहिलं, माझ्या चाचणीची चौकशी झालीच नाही. हिराबाईला त्याच आठवड्यात कामावरून काढलं. तिची बोचकी रिक्षात चढवताना मी तिथे होते. "येते ताई," ती म्हणाली. मी मान हलवली. तोंड उघडलं असतं तर काय म्हणणार होते? की ही बाई माझ्यासाठी खोटं बोलते आहे? ते मला माहीत नव्हतं. की ती खरं बोलते आहे? तेही माहीत नव्हतं. मला फक्त एवढंच माहीत होतं, की ती बोलल्यापासून मला रात्री झोप लागत होती.

शेत नियमाप्रमाणे जाळलं. सतराची ताटं ओली असल्यानं नीट पेटेनात, तेव्हा त्यांच्यावर वाळलेल्या नंबरांचा पाला टाकावा लागला. उन्हाळ्यानंतर कंपनीनं तो प्रकल्पच गुंडाळला. प्रयोगशाळेतलं सगळं बी नष्ट करायचा आदेश आला. ते काम माझ्याकडे. फ्रिजमध्ये सतराच्या बियांचं एक पाकीट होतं, तळहातावर मावेल एवढं. दहा दाणे कुंडीत पेरून, माझ्या डोळ्यांसमोर, कुलपात, पाणी तोडून ठेवले असते, तर दोन-तीन महिन्यांत कळलं असतं. मी डॉक्टरांना तसं विचारलं.

"ज्यात जनुक नाही आणि जिला पाणी मिळालं होतं, ती साधी ज्वारी," ते म्हणाले. "ती कशासाठी जपायची, सुमनबाई?"

त्यांचा आवाज थकलेला होता. मी आग्रह धरला असता, तर बहुधा ते हो म्हणाले असते. मी धरला नाही. आमचा ऑटोक्लेव्ह म्हणजे एक भला मोठा प्रेशर कुकर. त्यात मी सगळी पाकिटं रचली, सतराचंही. झाकणाचे नट मी स्वतः आवळले. नियम पाळला असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. आज इतक्या वर्षांनी लिहिताना कबूल करते, की मला भीती वाटली होती. कुंडीतली रोपं हिरवी राहिली असती, तर हिराबाई खोटं बोलली होती हे ठरलं असतं, आणि मग ती कुणासाठी खोटं बोलली हेही. ती वाळली असती, तर मला काहीच वाटायचं कारण नव्हतं. दोन्हीपैकी एक उत्तर मला सोसणार नव्हतं. म्हणून मी दोन्ही उकळून टाकली.

पुढे कंपनीत मी डाळिंबाची आणि केळीची रोगमुक्त रोपं करत राहिले. चांगलं काम होतं, लाखांनी रोपं गेली. डॉक्टर निवृत्त होऊन मुलीकडे गेले. आमच्यात त्या ज्वारीचा विषय पुन्हा कधी निघाला नाही.

निवृत्तीनंतरच्या हिवाळ्यात एका भाचीबरोबर मी हरसूलच्या बाजाराला गेले. तिला तिकडची नागली, म्हणजे नाचणी, हवी होती. मी मात्र गाडीतून उतरल्यापासून चेहरे पाहत होते. विचारत विचारत गेले, आणि नागली-खुरासणीच्या ढिगांमागे ती बसलेली सापडली. केस पांढरे, बाकी तशीच. मला पाहून उठायला लागली, मीच खाली पोत्यावर बसले. माझ्या मुलांची, तिच्या नातवंडांची चौकशी झाली. मग मी विचारलं.

"हिराबाई, एक सांगा. तेव्हा पाणी खरंच घातलं होतं?"

तिनं माप हातात घेतलं, ठेवलं. "लय दिस झाले ताई."

"तरी."

"हंडा तर रोज आणायची मी. घातलं बी असंल. नाय बी घातलं असंल." ती माझ्याकडे नीट पाहत होती. "तुमची नोकरी राहिली ना?"

"राहिली. पण तुम्हाला काढलं तेव्हा मी एक शब्द बोलले नाही. ते मला फार टोचतं."

"तुम्ही बोलले असते," ती म्हणाली, "तर माझं बोलणं फुकट गेलं असतं."

एक गिऱ्हाईक आलं. ती त्याला नागली मोजून द्यायला लागली, आणि पुढे त्या गोष्टीवर आम्ही काही बोललो नाही. मी चार किलो नागली घेतली. पैसे देताना ती नको म्हणाली, मी दिले, तिनं मुठीनं थोडी वर घातली.

परतीच्या वाटेवर भाची गाडी चालवत होती आणि मी हिराबाईचं ते वाक्य मनात लावून पाहत होते. ती खोटं बोलली होती असं धरलं, तर ते वाक्य बसतं. ती खरं बोलली होती, आणि माझी नोकरी वाचावी म्हणून ते खरं तिनं सांगितलं, असं धरलं, तरीही ते तितकंच बसतं. त्र्यंबक येईपर्यंत माझं दोन्ही बाजूंनी पाहून झालं. मग भाचीनं विचारलं, "मावशी, ती बाई कोण होती?" आणि मला सांगता येईना.